तवा तापतो, मूठ तापत नाही : सुवाहक आणि दुर्वाहक



लाकडी मुठीचा कालथा आपण भाकरी होईपर्यंत खुशाल हातात धरतो. तोच अख्खा लोखंडी असला, तर पदराचं टोक लागतंच. लोखंडातून उष्णता भराभर हातापर्यंत येते, लाकूड तिला अडवून धरतं. उष्णता किंवा वीज सहज वाहून नेणारा पदार्थ म्हणजे सुवाहक, अडवणारा तो दुर्वाहक.

असं का होतं?

धातूमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. ते वीज नेतात आणि उष्णताही. म्हणून तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड हे दोन्हींचे सुवाहक. लाकूड, रबर, प्लॅस्टिक, चिनी माती यांत इलेक्ट्रॉन जखडलेले असतात, म्हणून हे दुर्वाहक. विजेच्या वायरमध्ये आत तांबं आणि वर प्लॅस्टिक असतं ते यासाठीच.

सगळे धातू सारखे नसतात. स्टेनलेस स्टीलपेक्षा तांब्यातून उष्णता वीस पटींहून अधिक चांगली वाहते. स्टीलच्या पातेल्यात आच एकाच जागी साठते आणि दूध खाली लागतं. तांब्याचा तळ असेल तर आच सगळीकडे पसरते.

हवाही उष्णतेची दुर्वाहक आहे. गोधडीच्या थरांत अडकलेली हवाच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

घरी करून बघा

स्टीलचा आणि लाकडाचा असे सारख्या लांबीचे दोन चमचे घ्या. दोन्हींच्या वरच्या टोकाला थिजलेल्या तुपाचा ठिपका लावा आणि खालची टोकं गरम पाण्यात ठेवा. कुठलं तूप आधी वितळतं, ते मुलांना दाखवा. विजेचा प्रयोग मात्र घरी कधीही करायचा नाही.

ओलावा आला की भरवसा संपला

सुकं लाकूड वीज अडवतं, ओलं लाकूड तिला वाट देतं. आपल्या नळाच्या, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्या पाण्यातून वीज जाते. कातडीचंही तसंच. सुक्या हातापेक्षा ओल्या हातातून वीज कितीतरी सहज शिरते. झिजलेली, भिजलेली चप्पल वाचवेल, या भरवशावर राहू नका.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. ९ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर साधारण ४० मिलीअँपिअर वीज घेतो. एवढी वीज छातीतून गेली तर जीव जाऊ शकतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी एवढ्याशा विजेला पडत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गिरणी, मिक्सर, शिलाई मशीन यांवर गटाचा धंदा चालतो, तिथे हा खर्च टाळू नका.

पावसाळ्याआधी एवढं करा

- कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढा. नायलॉनची दोरी बांधा, तीही विजेच्या खांबापासून आणि वायरपासून लांब.
- पत्र्याला किंवा लोखंडी दाराला घासणारी वायर हलवून घ्या. सोललेली वायर बदला, नुसती चिकटपट्टी पुरत नाही.
- गिरणी आणि पंपाचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या.
- तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका. १९१२ वर कळवा.

कुणाला शॉक लागला तर

आधी मेन स्विच बंद करा. तोवर त्या माणसाला हात लावायचा नाही, कारण आपलं शरीरही वीज वाहून नेतं. स्विच लांब असेल तर सुक्या फळीवर उभं राहून सुक्या लाकडी काठीने वायर बाजूला करा. हे फक्त घरगुती विजेसाठी. ११,००० व्होल्टच्या लाइनपुढे सुकी काठीही कामाची नाही. तिथे वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांबच थांबा. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर शिकलेल्या व्यक्तीने लगेच छातीवर दाब द्यावा. मातीत पुरण्यात वेळ घालवू नका.

पुढच्या बैठकीत बोलू या

१. आपल्या गटात किती घरी कपड्यांची तार लोखंडी आहे?
२. गटाच्या शेडमध्ये आरसीसीबी आहे का? नसेल तर बैठकीत ठराव करून कोणत्या महिन्यात बसवणार?