शेवटचं बटण माणसानं दाबावं

बोरगाव मेघेत घरी बसून अँड्रॉइडची लायब्ररी लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. बिल्ड, तपासणी, डिजिटल सही, अपलोड हे सगळं खुशाल यंत्रावर सोपवा, पण प्रकाशनाचं शेवटचं बटण माणसानंच, नीट पाहून, दाबावं. कारण मावेन सेंट्रल या सार्वजनिक रेपॉझिटरीवर एकदा गेलेलं व्हर्जन बदलता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. १.४.० मध्ये चूक राहिली तर १.४.१ काढायचं, एवढीच वाट उरते. चुकलेलं व्हर्जन तिथेच राहतं आणि कुणाच्या तरी ॲपमध्ये जात राहतं. हा नियम जाचक वाटला तरी रास्त आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम रेपॉझिटरीवरून लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं, तेव्हा जगभरातले बिल्ड धडाधड पडले होते. ‘माझी लायब्ररी छोटी, ती कोण वापरतंय’ असं म्हणणाऱ्यानं या ११ ओळी आठवाव्यात.

यावर कुणी म्हणेल, मग सगळं हातानंच केलेलं काय वाईट? हातानं केलं तर लॅपटॉपवर राहिलेले, कमिट न केलेले बदल नकळत रिलीजमध्ये शिरतात. सहीची जीपीजी की एकाच यंत्रावर असते. ते यंत्र बिघडलं की प्रकाशन अडतं. शिवाय सोर्स आणि जावाडॉकच्या जार फाइली, पॉम या माहिती-फाइलीतला परवाना आणि लेखकाचा तपशील यांतलं काही राहिलं तर सेंट्रल अपलोड नाकारतं. त्यात रेपॉझिटरीही जागच्या हलतात. बिनट्रे आणि जेसेंटर बंद करत असल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालं. सेंट्रलची ओएसएसआरएच ही जुनी वाट ३० जून २०२५ ला बंद झाली. आयओएसच्या कोकोपॉड्सनंही २ डिसेंबर २०२६ पासून नवे पॉड न स्वीकारण्याचं जाहीर केलं आहे. प्रकाशनाच्या पायऱ्या एकाच्या डोक्यात असतील तर अशा प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. त्या ग्रेडलच्या फाइलीत लिहिलेल्या असतील तर काय बदलायचं ते निदान समोर दिसतं.

पण यंत्राकडून हिरवी खूण मिळाली म्हणजे लायब्ररी ठीक आहे, असं मात्र नव्हे. ॲपच्या रिलीज बिल्डमध्ये कोड आटोपशीर करणारा आर-एट न वापरलेले क्लास काढून टाकतो, नावं बदलतो. लायब्ररी रिफ्लेक्शन वापरत असेल आणि तिच्यासोबत काय जपायचं ते आर-एटला सांगणारी कन्झ्युमर रूल्सची फाइल गेली नसेल, तर तिच्या सगळ्या टेस्ट पास होतात, वापरणाऱ्याचं डीबग ॲपही चालतं, आणि त्याचं रिलीज ॲप मात्र उघडताक्षणी कोसळू शकतं. म्हणून लायब्ररी आधी आपल्याच यंत्रावरच्या मावेन लोकलवर टाकावी, एका छोट्या नमुना ॲपमध्ये तिथूनच ओढावी आणि ते ॲप रिलीज प्रकारात बांधून चालवून पाहावं. हे पाऊलही यंत्राला शिकवता येतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घालावी.

दुसरा धोका सहीची की आणि टोकन बाहेर फुटण्याचा. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही गिटहब ॲक्शन कुणीतरी बाधित केली. २३ हजारांहून अधिक रेपॉझिटरींमध्ये ती वापरात होती. जुन्या व्हर्जनचे टॅगच घातक कमिटकडे वळवले गेले आणि गुप्त टोकन बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. रेपॉझिटरी सार्वजनिक असेल तर तो लॉग कुणालाही वाचता येतो. त्यामुळे परक्या ॲक्शन टॅगनं नव्हे, पूर्ण कमिट हॅशनं बांधाव्यात. आणि सहीची की व सेंट्रलचं टोकन फक्त रिलीजच्या जॉबला दिसावं, प्रत्येक पुल रिक्वेस्टच्या टेस्टला नव्हे.

शेवटच्या बटणामुळे ऑटोमेशनचा वेग जातो, हा आक्षेप मला पटत नाही. सेंट्रलच्या पोर्टलवर अपलोड तपासून झालं की ते थांबून राहू शकतं. समोर ‘पब्लिश’ आणि ‘ड्रॉप’ अशी दोन बटणं असतात. व्हर्जनचा आकडा, फाइलींची यादी, पॉममधल्या डिपेंडन्सी नजरेखालून घालायला फार वेळ लागत नाही. ‘ड्रॉप’ची सोय फक्त ‘पब्लिश’ दाबेपर्यंतच असते. तुमच्या बिल्ड फाइलीत आपोआप रिलीज चालू असेल, तर पुढचं व्हर्जन काढण्याआधी ते बंद करा.