ओझरचे 'ख्रिसमस ट्री' : ओळख आणि जोपासना

(द्वितीय वर्ष, कला)

ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला आणि त्याबरोबर बंगले व बागा आल्या. आज तेथील वसाहतीत, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या रोपवाटिकांत आणि द्राक्षबागायतदारांच्या नव्या घरांपुढे एक डौलदार सदाहरित झाड हमखास दिसते. सरळ खोड आणि त्यावर मजल्यावर मजले चढवावेत तशा आडव्या फांद्या. कोणी त्याला 'फर' म्हणतात, कोणी 'पाइन', बहुतेक जण 'ख्रिसमस ट्री'.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नाही. परंतु माझे वडील माळीकाम करतात, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ग्रंथालयातील वाचन आणि वडिलांचा अनुभव यांची सांगड घालून ही माहिती वाचकांपुढे ठेवीत आहे.

खरा फर कोठे असतो?

फर म्हणजे 'एबीज' या प्रजातीतील वृक्ष. आपल्या देशात तो हिमालयात, साधारणपणे २,५०० ते ३,५०० मीटर उंचीवर वाढतो. ओझर सुमारे ६०० मीटरवर आहे, आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखरदेखील १,६४६ मीटरच. तेव्हा खरा फर आपल्या अंगणात वाढण्याची आशा नको. तो आपल्या घरी येतो तो वेगळ्याच रूपाने. खोकल्यावर आपण जे तालीसादी चूर्ण घेतो, त्यातील तालीसपत्र म्हणजे हिमालयातील फरचीच वाळलेली पाने होत.

हाताने ओळखण्याच्या खुणा

नावाच्या पाटीपेक्षा पान अधिक खरे बोलते. फरचे पान चपटे व एकेकटे असते. ते ओढले की फांदीवर गोल, गुळगुळीत वण राहतो. स्प्रूसचे पान गळाले की बारीक खुंटी उरते व फांदी खरखरीत लागते. पाइनची पाने जुडीने येतात. चीड पाइनच्या एका जुडीत तीन. देवदाराची पाने आखूड डहाळीवर झुबक्याने असतात. फरचे शंकू फांदीवर उभे राहतात व तेथेच सुटे होऊन झडतात. स्प्रूसचे खाली लोंबतात.

आपल्याकडील सुरूचे झाड दिसते सूचिपर्णी, पण ते सपुष्प वर्गातील आहे. त्याची 'सुई' म्हणजे सांध्यांची डहाळी. ओढली की सांध्यात सुटते. मोरपंखी मात्र खरोखर शंकुधारी आहे.

आता आपले 'ख्रिसमस ट्री'. ते 'अरौकेरिया' या प्रजातीचे. एक जात अरौकेरिया हेटेरोफायला, मूळची प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटाची. 'हेटेरोफायला' म्हणजे भिन्न पानांची. कोवळेपणी पाने मऊ व सुईसारखी, पुढे खवल्यांसारखी होतात. दुसरी जात अरौकेरिया कॉलम्नारिस अथवा कुक पाइन, न्यू कॅलेडोनियाची. पहिलीचा घेर पसरट, दुसरीचा खांबासारखा अरुंद. रोपवाटिकांत दोन्ही एकाच नावाने विकली जातात.

लागवड व निगा

आमचा मुलूख द्राक्षाचा. काडी लावावी आणि वेल धरावा, ही येथील हाताची सवय. अरौकेरियाला ती लागू पडत नाही. बाजूच्या फांदीची काडी मुळे धरते, पण जन्मभर आडवीच वाढते. सरळ झाड हवे तर बियाणे, नाहीतर शेंड्याची काडी. बियाण्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ते ताजेच पेरावे.

शेंडा मोडला तर डौल पूर्वीसारखा परत येत नाही. "शेंडा गेला का झाडाची ऐट गेली," असे वडील म्हणतात. म्हणून जागा आधीच पाहावी. मूळ बेटावर हे झाड ५० मीटरपर्यंत वाढते. विजेच्या तारांखाली किंवा भिंतीला खेटून लावले, तर पुढे शेंडा छाटणे अटळ होते.

काळ्या मातीत पाणी तुंबते व मुळे कुजतात. तिच्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. रोपाला एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात आडोसा करावा. कुंडीतील रोप उजेडाकडे झुकते, म्हणून कुंडी आठवड्याला थोडी फिरवावी.

झाड कलते ते का?

एका बंगल्यात असे झाड कललेले दिसले, तेव्हा ते वाकडे लावल्याचा ठपका माळ्यावर आला. तो माळी म्हणजे माझे वडील. "दुसरीकडची झाडंबी याच अंगाला कलत्यात," एवढेच ते म्हणाले. त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील कुक पाइन मोजण्यात आले. ती झाडे विषुववृत्ताकडे, सरासरी साडेआठ अंशांनी कललेली आढळली. म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे. बंगल्यातील झाडही अरुंद घेराचे आणि दक्षिणेलाच कललेले आहे. मी हे वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग आता दोरी सोडून टाकू."

झाडाचे खरे नाव कळले की त्याची निगा कळते, आणि ज्याचा दोष नाही त्याच्यावर तो येत नाही. वाचक मित्रांनी पुढच्या वेळी 'ख्रिसमस ट्री' दिसताच एक पान हातात घेऊन पाहावे, आणि शेजारी माळी असेल तर त्यालाही दोन शब्द विचारावेत.