संवादवही : छात्राध्यापक आणि विद्यार्थी यांना जोडणारे लेखन

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील निवासी शाळांत येणारी अनेक मुले घरी गोंडी किंवा माडिया बोलतात. शाळेची भाषा मात्र मराठी असते. त्यामुळे ती वर्गात गप्प बसतात आणि नवख्या शिक्षकास मंद वाटू लागतात. आंतरवासितेसाठी आलेला छात्राध्यापक पाठटाचण व फलकलेखन शिकून आलेला असतो; परंतु समोरचे मूल कसे समजून घ्यावे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. त्यासाठी संवादवही हे साधन आम्हांस उपयुक्त वाटते.

संवादवही म्हणजे दोघांची मिळून एक रोजनिशी. डाव्या पानावर विद्यार्थी मनातले लिहितो आणि उजव्या पानावर छात्राध्यापक त्यास उत्तर देतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे सहावीच्या शिक्षिका लेस्ली रीड आपल्या विद्यार्थ्यांशी असा लेखी संवाद करीत असत व जाना स्टेटन यांनी त्याचा अभ्यास केला. रीड मुलांच्या चुका खुणावीत नसत. मूल जे सांगू पाहते, त्यास उत्तर देत.

आपल्याकडील उदाहरण पाहू. चैत्रात एखादा मुलगा लिहितो, ‘आई मोह वेचायला गेला.’ लाल शाईने ‘गेला’ खोडणे सोपे आहे. परंतु गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील भाषा आहेत आणि त्यांत मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. म्हणजे मुलाची चूक निष्काळजीपणाची नसून मातृभाषेच्या व्याकरणाची आहे. छात्राध्यापकाने उत्तरात लिहावे, ‘तुझी आई पहाटे किती वाजता गेली? मोहफुले कुठे वाळत घालता?’ त्यातून शुद्ध रूप मुलाच्या डोळ्यांसमोर येते आणि त्याचा मानही राखला जातो. शिवाय मोहाचा हंगाम व त्यामागून येणारी तेंदूपानांची तोडणी घरासाठी काय असते आणि त्या दिवसांत मुले शाळेत का दिसत नाहीत, हे छात्राध्यापकास कळते.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस येथे मुक्ता साळवे आठवते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. अक्षरओळख झालेल्या मुलीने स्वतःचे दुःख स्वतः लिहिले आणि तिच्या शिक्षकांनी ते लिहू दिले. मुलास जे सांगावयाचे आहे, ते ऐकणारा शिक्षक असला, तरच लेखणीस अर्थ येतो.

मात्र काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. एका छात्राध्यापकाकडे पाच-सहाच मुले असावीत. आठवड्यातून एकदा तरी उत्तर मिळावे. वहीस गुण देऊ नयेत व ती वर्गात वाचून दाखवू नये. मारहाण, आजार किंवा उपासमार यांविषयी मुलाने लिहिल्यास ते मुख्याध्यापकांस सांगावे लागेल, हे मुलास आरंभीच समजावून द्यावे. आंतरवासिता संपण्याची तारीख मुलास आधी कळवावी. निरोप न घेता निघून जाणारा शिक्षक मुलाचा विश्वास मोडून जातो. वही अखेर मुलाजवळच राहावी.

शंभर पानांच्या एका वहीपलीकडे यास खर्च नाही. येत्या आंतरवासितेपासून अध्यापक विद्यालयांनी व निवासी शाळांनी मिळून ही पद्धत हाती घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.