प्रत्येक चट्टा नायटा नसतो

“डॉक्टर, नायटा झालाय, चार मलमं झाली, जात नाही.” कोपरगावपासून जामखेडपर्यंत कुठूनही आलेला रुग्ण माझ्यासमोर पहिल्यांदा हेच बोलतो. पुष्कळदा तो नायटाच असतो. काही वेळा मात्र तो सोरायसिस निघतो.

सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी फार वेगाने तयार होतात. एरवी महिनाभर चालणारे काम काही दिवसांतच उरकते आणि कातडीवर खपल्यांचे थर साचतात. हा रोग संसर्गजन्य नाही. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही.

मोठ्या माणसांत कोपर, गुडघे, कंबर व डोके येथे जाड, स्पष्ट कडेचे चट्टे उठतात. त्यांवर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्या असतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा काळपट दिसते, म्हणून निदान हुकते. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात. सकाळी सांधे आखडत असतील तर तेही डॉक्टरांना जरूर सांगावे.

मुलांमध्ये चित्र वेगळे असते. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांएवढे ठिपके उठू शकतात. खपली पातळ असते, चेहऱ्यावरही चट्टे येतात आणि ते इसबासारखे वाटतात. डोक्यातल्या जाड खपल्यांना आई कोंडा समजते. म्हणून मुलाचा घसा कधी दुखला होता, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हे मी आधी विचारतो.

मग ओळखायचे कसे? नायट्याची कड उठावदार असते व मधला भाग निवळलेला दिसतो. त्याची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासली की बुरशी सापडते. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. डोळे मिटून कापसाचा स्पर्श कळला नाही, तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा, तेथे औषध मोफत मिळते. सोरायसिसमध्ये संवेदना शाबूत राहते. हे दोन रोग शतकानुशतके एकच समजले जात. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली ते स्पष्टपणे वेगळे केले. तरीही शंका उरली, तर त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासतात.

वाचकहो, दुकानातून विचारून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने नायटा दबतो, पण आतून पसरतो आणि खरे रूप झाकले जाते. सोरायसिसच्या रुग्णाने स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन ती एकदम सोडली, तर सर्वांगाची त्वचा लाल होऊन सोलू शकते, पू भरलेले फोड येऊ शकतात. असे झाल्यास रुग्णाला तातडीने इस्पितळात न्यावे.

सोरायसिस कायमचा जाईल असे वचन कोणी देऊ नये, पण तो आटोक्यात नक्की राहतो. म्हणून तपासणीला येताना आजवर लावलेली सारी मलमे पिशवीत घालून आणा. आणि चट्टे आहेत म्हणून मुलाची शाळा थांबवू नका, मुलीचे लग्न अडवू नका.