जुन्या जीपचे स्टिअरिंग : ढिलाई आधी शोधा, मग पाना लावा



बैलगाडीच्या आखाला वंगण घालण्याची आठवण आपल्या वाडवडिलांना कोणी करून द्यावी लागत नसे. वंगण संपले की गाडी स्वतःच करकरू लागे आणि गावभर बोभाटा करी. जीपगाडीचे तसे नाही. तिच्या पुढच्या अंगाचे सांधे मुकाट्याने झिजतात. रोज थोडे थोडे झिजतात म्हणून चालवणाऱ्याच्या हातालाही त्याची सवय होते. पाहुणा गाडी चालवायला बसतो आणि म्हणतो, "अहो, हिचं स्टिअरिंग नुसतं फिरतंय!" तेव्हा कुठे आपले लक्ष जाते.

माझे तसेच झाले. माझी जीप जुनी, उंच बॉनेटची. चाळीसच्या वेगाला पुढची चाके थरथरू लागत आणि स्टिअरिंग हातात नाचे. एका गॅरेजात दाखवली. तिथे स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू आवळून दिला आणि पंधरा मिनिटांत काम झाले. ढिलाई गेली म्हणून मी खूश! चौथ्या दिवशी कालव्याच्या वळणावर स्टिअरिंग वळवले ते वळलेलेच राहिले, परत येईना. जोर लावून फिरवेपर्यंत गाडी रस्ता सोडून शेजारच्या खोडव्यात घुसली. मागे नातू बसला होता. ऊस होता म्हणून वाचलो, विहीर असती तर हा लेख लिहायला मी नसतो.

मग पावसाळ्याच्या सवडीत गाडी घरी ठोकळ्यांवर चढवली आणि एका जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवून एकेक सांधा स्वतः पाहिला. तेव्हा जे शिकलो ते या पाठात सांगतो.

ढिलाई एका जागी नसते

आपल्या हातापासून चाकापर्यंत सांध्यांची एक साखळीच असते. स्टिअरिंगचे चक्र फिरले की खालच्या पेटीतला दांडा फिरतो. पेटीबाहेरची भुजा पुढे-मागे होते, ती ड्रॅगलिंक ओढते. बऱ्याच जुन्या जीपांत ड्रॅगलिंक मधल्या एका कोनी भुजेला जोडलेली असते, तिला गॅरेजात बेलक्रँक म्हणतात. ही भुजा काही गाड्यांत ॲक्सलवर तर काही गाड्यांत चासीच्या आडव्या पट्टीवर बसवलेली असते. तिच्यापासून टायरॉड निघतो आणि चाकाच्या भुजेला मिळतो. चाक किंगपिनच्या वरच्या-खालच्या बेअरिंगांवर वळते आणि हबच्या बेअरिंगांवर फिरते. आणि हा सगळा ॲक्सल पाट्यांवर टांगलेला असतो.

आता प्रत्येक सांधा केसभर झिजला असे धरा. एकट्याचे काही वाटणार नाही, पण सगळ्यांची बेरीज हातात येते तेव्हा चक्र वीतभर मोकळे फिरते. पाटाचे पाणी शेवटच्या सरीला पोचत नाही तेव्हा आपण काय करतो? पाट कुठे कुठे फुटलाय ते बघत जातो. मोठी मोटर बसवून फुटका पाट दुरुस्त होत नाही. पेटीचा स्क्रू आवळणे म्हणजे मोठी मोटर बसवणे. हातातली ढिलाई लपते, पण खालचे सांधे होते तसेच राहतात आणि वर पेटी जाम होते.

तयारी

सपाट, टणक जागा निवडावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. गाडी जॅकने उचलल्यावर ॲक्सलखाली जाड लाकडी ठोकळे द्यावेत. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही देऊ नयेत, ते भार आल्यावर अचानक फुटतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये. हा नियम मोडून "पाच मिनिटांचं तर काम" म्हणणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

सामान फार लागत नाही. पाने, दोन हातोडे, एक लहान पहार, ग्रीसगन, धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल, नव्या कॉटर पिना, खडू आणि चिंध्या. शिवाय एक मदतनीस.

तपासणी

१) पहिली तपासणी टायरची. पुढच्या दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का? एका टायरात कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते आणि आपण विनाकारण स्टिअरिंगला दोष देतो. टायरवरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर चाकांचा रोख चुकलेला आहे.

२) दुसरी, चाके जमिनीवर ठेवून. इंजिन बंद. मदतनीसाने चक्र हळूहळू डावी-उजवीकडे हलवावे, फक्त ढिलाईपुरते. आपण खाली पडून एकेका सांध्यावर बोट ठेवावे, अर्धे बोट एका भागावर, अर्धे दुसऱ्यावर. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग एकदम हलतात. झिजलेला असेल तर एक आधी हलतो आणि दुसरा मागून, हे बोटाला लगेच कळते. पेटीपासून सुरुवात करून चाकापर्यंत जावे. पेटीच चासीवर हलते आहे का, तिचे बोल्ट सैल आहेत का, हेही पाहावे. माझ्या गाडीत सगळ्यात मोठी ढिलाई बेलक्रँकच्या पिनेत निघाली, आणि तिचे ग्रीस निप्पल तर चिखलाखाली दिसतच नव्हते.

३) तिसरी, चाक उचलून. एक हात चाकाच्या माथ्याला, दुसरा तळाला धरून चाक आत-बाहेर हलवावे. हलले तर दोष हबच्या बेअरिंगचा की किंगपिनचा? याला एक सोपी युक्ती आहे. मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने ड्रम मागच्या ताटलीला घट्ट धरला जातो. म्हणून ढिलाई नाहीशी झाली तर ती हबच्या बेअरिंगची, आणि तशीच राहिली तर किंगपिनची. ब्रेक सोडून चाक फिरवावे. आत खरखर लागली तर बेअरिंग खराब समजावे.

४) चौथी, पाट्यांची. पाटे, त्यांचे शॅकल, बुश आणि यू-बोल्ट पाहावेत. शॅकलजवळ पहार घालून हलकेच उचकावे. पाटा मोडला असेल किंवा यू-बोल्ट सैल असेल तर ॲक्सलच जागचा सरकतो. मग पुढचे सांधे कितीही नवे घाला, गाडी सरळ चालणार नाही. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर असेल तर ती टाकून देऊ नये. किंगपिन किंचित मागे कललेले राहावे म्हणून ती असते. या जीपांत हा कल सुमारे ३ अंश असतो. त्यामुळेच वळणानंतर चाके आपोआप सरळ येतात.

दुरुस्ती : चाकाकडून वर

दुरुस्तीचा क्रम चाकाकडून पेटीकडे असावा. पेटीला हात सगळ्यात शेवटी.

हबचे बेअरिंग : बेअरिंग काढून रॉकेलने धुवावे. रोळांवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची कडी, दोन्ही बदलावीत. नवे बेअरिंग जुन्या कडीत घालून बचत होत नाही. ग्रीस तळहातावर घेऊन रोळांच्या आतून बाहेर येईपर्यंत दाबावे आणि सील नवे घालावे. मग चाक फिरवत नट आवळावा. चाक जड झाले की सुमारे एक षष्ठांश फेरा मागे सोडावा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलता कामा नये. कुलूपनट आवळून वायसरची कड वाकवायला विसरू नये.

किंगपिन : ढिलाई थोडी असेल तर टोपीखालच्या पातळ शिमा काढून ती घालवता येते. शिमा वरून आणि खालून सारख्याच काढाव्यात, नाहीतर मधला दांडा मध्यावरून सरकतो. टायरॉड सोडवलेला असताना चाकाचा भाग हाताने थोड्या, पण सारख्या जोराने वळला पाहिजे. सरळ जागी आल्यावर तो खाचेत बसल्यासारखा अडकत असेल तर बेअरिंगला खड्डे पडले आहेत. तिथे शिमांचा उपयोग नाही. ते काम माहितगार मिस्त्रीकडेच द्यावे, यात कमीपणा नाही.

टायरॉडची टोके : ही दुरुस्त होत नाहीत, बदलावी लागतात. नट काढून टाकू नये, चार आट्यांवर ठेवावा. भुजेच्या कानाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका द्यावा, निमुळती पिन सुटते. पिनेच्या आट्यांवर हाणू नये. जुने टोक किती आटे आत होते ते मोजून ठेवावे आणि नवे तितकेच घालावे. कॉटर पिन नवीच हवी. जुनी सरळ करून पुन्हा वाकवली की ती मोडायला टेकलेली असते.

ड्रॅगलिंक : जुन्या पद्धतीच्या ड्रॅगलिंकमध्ये गोळा, वाट्या, स्प्रिंग आणि टोकाला आट्यांचे बूच असते. वाट्या लंबगोल झाल्या असतील तर बदलाव्यात. बूच पूर्ण आवळून अर्धा ते एक फेरा मागे घ्यावे आणि कॉटर पिन घालावी.

बेलक्रँक : पिन आणि बुश जोडीने बदलावेत. झिजलेल्या पिनेवर नवा बुश घातला तर एका हंगामात पहिले दिवस येतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. स्टिअरिंगच्या कोणत्याही भुजेला, टायरॉडच्या टोकाला किंवा गोळ्याला वेल्डिंग करू नये. नांगराचा फाळ वेल्डिंगवर चालेल. हे भाग मात्र ताव देऊन कडक केलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तो ताव उतरतो आणि भाग न सांगता तुटतो.

पेटी : सगळे झाल्यावरही चक्रात ढिलाई राहिली तरच पेटीकडे यावे. आधी आतले तेल पाहावे. तिथे गिअर ऑइल लागते. घट्ट ग्रीस भरले तर ते एकदा बाजूला सरकते आणि परत येत नाही. स्क्रू आवळायचा तो चाके अगदी सरळ ठेवूनच. पेटीची घडण अशी असते की मध्यभागी ती मुळातच घट्ट असते आणि दोन्ही टोकांना थोडी सैल. टोकाला चाक वळवून स्क्रू आवळला तर मध्यावर ती जाम होते. थोडे थोडे आवळावे आणि दर वेळी चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. मध्यावर अडखळले तर मागे सोडावे.

चाकांचा रोख

पुढची चाके वरून पाहिली तर पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असावीत. यालाच टो-इन म्हणतात. जुन्या जीपला हा फरक अगदी थोडा, ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १ ते २॥ मि.मी. असतो. चाक उचलून फिरवत प्रत्येक टायरच्या मध्यावर खडूने बारीक रेघ ओढावी. मग गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलावी. हबच्या उंचीवर दोन्ही रेघांतले अंतर पुढून आणि मागून मोजावे. पुढचे अंतर वर सांगितल्याइतके कमी हवे. फरक दुरुस्त करायला टायरॉडचे क्लँप सैल करून तो फिरवावा. क्लँप पुन्हा आवळल्याशिवाय हात धुवायला जाऊ नये.

चालवून पाहणे आणि निगा

आधी अंगणात, मग रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाने गाडी चालवावी. वळणानंतर चक्र सैल धरले तर ते आपोआप परत यायला हवे. येत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. मी ही एक परीक्षा घेतली असती तर खोडव्यात गेलो नसतो. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर हबला हात लावून पाहावे. कोमट चालेल, चटका बसला तर नट जास्त आवळला आहे. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि सगळे नट पुन्हा पाहावेत.

पुढे दर हजार-दीड हजार किलोमीटरला, आणि चिखलापाण्यातून गाडी गेली की लगेच, प्रत्येक निप्पलला ग्रीस द्यावे. निप्पल आधी पुसावे, नाहीतर माती ग्रीसबरोबर आतच जाते. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत गन चालवावी.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरलाही हाच न्याय लागतो. मधली पिन, चाकाच्या उभ्या दांड्याचे बुश आणि टायरॉडची टोके हंगामाआधी याच रीतीने तपासावीत. दोन ट्रॉल्या मागे ढकलत असताना ढिले स्टिअरिंग फार महाग पडते.

स्वतःला विचारून पाहा

१) ब्रेक दाबल्यावर चाकाची ढिलाई गेली, तर दोष कोठे?
२) पेटीचा स्क्रू आवळताना चाके सरळ का ठेवावीत?
३) टायरॉडच्या टोकाला वेल्डिंग का करू नये?
४) आपल्या गाडीच्या पुढच्या अंगाला ग्रीसची निप्पले किती? शेवटचे ग्रीस कधी दिले?

चौथ्याचे उत्तर या लेखात नाही. ते गाडीखाली वाकूनच मिळेल. आज संध्याकाळीच बघा.