वेगळी चूल मांडण्याआधी

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. पंचकमेटीच्या निवडणुकीवरून आणि दानाच्या हिशोबावरून मंडळीत फूट पडली, काही घरं बाहेर पडून भाड्याच्या हॉलमध्ये उपासना सुरू करणार आणि तूही त्यांच्याबरोबर जाणार, हे वाचून जिवाला घोर लागला. 'तिथं सगळे एका विचाराचे असतील,' असं तू लिहितोस. मला धास्ती वाटते ती याच वाक्याची.

हिशोब मागण्यात तुमची चूक नाही. दानपेटीत गरिबाचा घामाचा पैसा पडतो; त्याचा पै न् पैचा हिशोब मिळालाच पाहिजे. एकीच्या नावाखाली गप्प बसा, असं मी कधीच म्हणणार नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून वाच. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही वाटपावरूनच कुरकुर झाली होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांना डावललं गेलं, त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप गेलं असावं, असं त्यावरून दिसतं. आणि मग दोन्ही बाजूंच्या विधवा त्याच हातांनी वाढलेलं जेवल्या असतील. तक्रार करणारे निघून गेले असते, तर हे घडलं नसतं.

आपण समजतो, एकी म्हणजे एकमत. मला ते पटत नाही. एकमेकांवाचून आपलं अडतं, हे कबूल करणं म्हणजे एकी. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. मासेदोनियाचे लोक स्वतःच कंगाल होते, तरी त्यांनी दिलं. पण रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटी पौल कशासाठी प्रार्थना मागतो? यरुशलेमच्या लोकांनी ती मदत गोड मानून घ्यावी, यासाठी. यहूदी नसलेल्या परजातीयांच्या पैशाला ते हात लावतील की नाही, ही धाकधूक त्याच्या मनात असावी. देताना हात वर असतो, घेताना मान लववावी लागते. न पटणाऱ्या माणसाकडून घेणं तर फारच जड जातं.

तुझे आजोबा गेले तेव्हा तू लहान होतास. रात्रभर पाऊस कोसळत होता, कबर खणावी तर पाणी भरायचं. भल्या पहाटे पाटी-फावडं घेऊन जे आले, त्यांच्यातल्या दोन घरांशी आजोबांचा वर्षानुवर्षांचा अबोला होता. त्यांनी बादल्यांनी पाणी उपसलं, कडेची ढासळणारी माती फळ्या लावून धरली. त्या दिवशी आम्ही त्यांना नको म्हणू शकत नव्हतो. अबोला तिथंच मिटला. तुमच्या हॉलमध्ये तुमच्याच विचारांची माणसं असतील. पण अशा पहाटे तेवढी पुरतील का, याचा विचार कर.

मतभेद ठेवूनही एकत्र राहता येतं. 1970 साली 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याची बोलणी 1929 पासून चालू होती. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समजत्या वयात, यावरच मोठा भेद होता. शेवटी दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये मान्य झाल्या. बोलणीत असलेलं एक मोठं चर्च ऐन वेळी मागे सरलं, तरी बाकीचे थांबले नाहीत. ज्यांनी ते जमवलं, त्यांना एवढी वर्षं एकमेकांचं ऐकून घ्यावं लागलं. तुमचं भांडण तर अजून सहा महिन्यांचंही नाही.

म्हणून तीन गोष्टी कर. सर्वसाधारण सभा बोलवायला लेखी अर्ज दे आणि तिथं सगळ्यांसमोर हिशोब माग, पाठीमागे कुजबुज नको. हिशोब तपासायला दोन्ही बाजूंची माणसं बसू देत, तूही बस. आणि ज्या पंचांवर तुझा सगळ्यात जास्त राग आहे, त्यांच्या घरी एकटा जा. तुझ्या आईच्या औषधांसाठी तालुक्याला रोजची खेप पडते. त्यांची गाडी रोज जातेच. औषधं आणून द्याल का, म्हणून विचार. त्यांना उपकार करू दे. मग सभेत हिशोब मागताना तुझा आवाज आपोआप नीट निघेल.

एवढं करूनही दार बंदच राहिलं, तर मला कळव. मी स्वतः येईन.

तुझी,
आत्या