कोडिंगची सक्ती कोणावर करायची?

दहावीचा निकाल लागला की अकोल्यात जठारपेठ, तापडियानगर, गोरक्षण रोड या भागात बाहेरगावच्या पालकांच्या फेऱ्या सुरू होतात. वाशीम, बुलडाणा, अकोट, मूर्तिजापूरहून आलेले आईबाप आधी क्लास पाहतात, मग खोली, मग मेस. नीट आणि जेईईचे प्रश्न संपले की हल्ली एक नवा प्रश्न हळूच बाहेर येतो : "सर, धाकट्या पोराले कोडिंगचा क्लास लावून देऊ का? नाहीतर मांगं पडन थो." धाकटा सातवीत असतो. सोयाबीनला भाव नाही, मोठ्याच्या क्लासची फी अजून अर्धी बाकी आहे आणि तरी हा बाप आणखी एक हप्ता अंगावर घ्यायला तयार असतो. कोडिंग शाळेत सक्तीचं होणार, असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं.

त्याच्या पोटातली भीती आधी काढायला हवी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाण्यासाठी शाळेत प्रोग्रॅमिंग शिकलेलं असावं लागत नाही. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात 200 गुण असतात. त्यातले 100 गणिताचे, बाकीचे भौतिक आणि रसायनशास्त्राचे. प्रोग्रॅमिंगवर एकही प्रश्न नाही. दहावीनंतर अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जायचं तर दहावीचे गुण पाहतात. 1964 पासून चालत आलेलं अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी असो, शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी असो की बाभुळगावचं कॉलेज, पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग पहिल्या ओळीपासून शिकवतात. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी तोवर एक ओळही लिहिलेली नसते आणि त्यांचं काही अडत नाही. अडतं ते गणित कच्चं असलेल्यांचं.

मग 'सक्तीचं होणार' हे आलं कुठून? जुलै 2020 मध्ये नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झालं. सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगशी संबंधित उपक्रम आणावेत, असं त्यात म्हटलं होतं. लिहिलं होतं उपक्रम, पण क्लासवाल्यांनी वाचलं सक्ती. कोरोनामुळे शाळा बंद होत्या, मुलं घरात मोबाइलसमोर होती आणि व्हाइटहॅट ज्युनियर या ऑनलाइन कोडिंग क्लासच्या जाहिराती रोज आदळत होत्या. त्यात वुल्फ गुप्ता नावाचा एक मुलगा कोडिंग शिकून गूगलमध्ये कोट्यवधींच्या नोकरीला लागत असे. जाहिरात बदलली की त्याचं वय आणि पगारही बदलत असे, कारण असा मुलगा नव्हताच. अखेर तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांना जाहीर करावं लागलं की सहावी ते आठवीला राज्य सरकारने कोडिंग सक्तीचं केलेलं नाही. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेनेही कंपनीला काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या. त्याच वर्षी बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने ही कंपनी 30 कोटी डॉलरला घेतली आणि 2024 मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुसऱ्याच्या मुलाला कोट्यधीश करायला निघालेल्यांचा हा हिशेब पालकांनी लक्षात ठेवलेला बरा.

जाहिराती बाजूला ठेवल्या तरी मूळ प्रश्न उरतोच आणि तो फालतू नाही. सक्तीच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा माझ्या मते नोकरीचा नाही, मुलींचा आणि खेड्यांचा आहे. ऐच्छिक ठेवलेली गोष्ट कोण घेतं? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, ज्याचा मामा पुण्यात हिंजवडीला आहे, तो घेतो. पातूरजवळच्या खेड्यातली जी मुलगी, जिला घरातला एकुलता मोबाइल भाऊ कॉलेजातून आल्यावर तासभर मिळतो, ती ते कधी मागणार नाही, कारण मागण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नसतं. शाळेने तिच्यासमोर ठेवलं नाही तर दुसरं कोणी ठेवणार नाही.

पण नुसत्या सक्तीने ती मुलगी तिथवर पोचते का? इंग्लंडने 2014 पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांना कॉम्प्युटिंग सक्तीचं केलं. तीन वर्षांनी रॉयल सोसायटीने पाहणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त शाळांमध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी हा विषय उपलब्धच नव्हता आणि जिथे होता तिथे परीक्षार्थींमध्ये मुली जेमतेम पाचात एक. कारण साधं होतं, शिकवायला माणसं नव्हती. मग सरकारने शिक्षक तयार करायला कोट्यवधी पौंड काढले. श्रीमंत देशाने आधी कायदा केला आणि नंतर मास्तर शोधला.

केरळने उलट केलं. 2001 मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू केला, शाळेतल्याच गणित-विज्ञानाच्या नि भाषेच्या शिक्षकांना शिकवलं, परवान्याचे पैसे लागू नयेत म्हणून मोफत लिनक्स घेतलं, पुस्तकं मल्याळममध्ये काढली आणि मग आयटी विषय दहावीच्या परीक्षेत आणून त्याची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू केली. आज तिथला सरकारी शाळेतला मुलगा स्क्रॅचवरून पायथनकडे जातो तो कोणत्याही खासगी क्लासची पायरी न चढता. सक्ती चालते, पण अशी.

आपल्याकडे काय झालं ते वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या हायस्कूलच्या कुलूपबंद संगणक खोलीला विचारा. केंद्राच्या आयसीटी योजनेतून तीन टप्प्यांत राज्यातल्या हजारो शाळांना संगणक मिळाले. शिकवणारे निदेशक कंत्राटदारामार्फत, पाच वर्षांच्या करारावर. करार संपला की निदेशक घरी, संगणकांवर खोळी. हे निदेशक वर्षानुवर्षं कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलनं करत राहिले आणि मुलं त्या खोलीच्या बाहेर वह्या तपासून घेत राहिली. संगणक साक्षरतेच्या एमएस-सीआयटी कोर्सचा अनुभवही ताजा ठेवायला हवा. तालुक्यातालुक्याला संगणक केंद्र उभं राहिलं, हजारो हातांना पहिल्यांदा माउस लागला, हे त्या कोर्सचं श्रेय आहेच. पण सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांना तो मुदतीत सक्तीचा झाला, वेतनवाढ त्यावर अडली, तेव्हा कित्येकांनी प्रमाणपत्र मिळवलं आणि संगणक पुन्हा पोराच्या हाती दिला. गुणांची नि पगाराची सक्ती माणसाला कागदापर्यंत नेते. त्यापुढे नेण्याचं काम शिकवणाऱ्याचं.

आणखी एक आकडा आहे, तो कोडिंगच्या चर्चेत कोणी काढत नाही. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी जवळपास 90 टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग देता आला तो 43 टक्क्यांच्या आसपास मुलांना. ज्याला भागाकार जमत नाही त्याला 'फॉर लूप' सक्तीने शिकवणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना ठिबकचे पाइप अंथरणं.

म्हणून माझं मत असं : आठवीत प्रत्येक मुलामुलीला प्रोग्रॅमिंगची चव मिळावी, काही आठवड्यांचे तास, गुण नाहीत, परीक्षा नाही. नववी-दहावीत ते गुणांचा विषय करू नये. सक्ती करायचीच असेल तर ती शासनावर करावी, की चालू संगणक आणि कायम पगाराचा शिक्षक असल्याशिवाय हा विषय कागदावर आणायचा नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने 2026-27 पासून तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचार आणण्याची घोषणा केली, तेव्हा हीच अट पहिल्यांदा आठवली.

तोवर घरी काय करायचं? सहावी ते आठवीच्या मुलाला पैसे भरून काही लावू नका. स्क्रॅच हे मुलांसाठीचं कोडिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे बरेच धडे मराठीत आहेत, तेही फुकट. संगणकच नसेल तरी हरकत नाही. एसीएम इंडियाच्या सीएसपाठशाला उपक्रमात संगणकाशिवाय करायची कोडी आहेत, बेब्रास स्पर्धेत तर कोडिंग यावंच लागत नाही. दोन-तीन महिने पाहा. मूल सांगितल्याशिवाय पुन्हा तिकडे वळतं का, चूक सापडेपर्यंत बसतं का, एवढं पुरे. नाही वळलं तर ते मागं पडलं असं नाही, त्याचं मन दुसरीकडे आहे.

खरा निर्णय अकरावीचा. विज्ञानाला बायफोकलमध्ये कॉम्प्युटर सायन्स 200 गुणांचं मिळतं. दुसरी भाषा आणि बहुधा जीवशास्त्र सोडून ते घेतात. बहुतेक जण प्रात्यक्षिकांच्या गुणांसाठी घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. सी++ शिकायला मिळतं ते चांगलंच, फक्त त्यातच शिकवला जाणारा इंटेलचा 8085 प्रोसेसर 1976 सालचा आहे आणि आपल्या मुलांनी तो वर्षानुवर्षं पाठ केला आहे, हे ठाऊक असू द्या. जीवशास्त्र सोडलं की नीटचा रस्ता अवघड होतो, तेव्हा 'दोन्ही दरवाजे उघडे' ठेवू पाहणाऱ्यांनी फॉर्म भरण्याआधी थांबून विचार करावा. कला आणि वाणिज्यवाल्यांना माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो, त्यात वेबपेजपासून पीएचपीपर्यंत येतं आणि परीक्षा ऑनलाइन होते. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात कमी लेखला गेलेला विषय हाच. अकोल्याच्या एमआयडीसीत दाल मिलचा हिशेब टॅलीत असतो. तिथे एक्सेलमध्ये अट घालून सूत्र लिहिता येणारा बी.कॉम. पोरगा मालकाला लवकर लक्षात येतो. कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्री करणाऱ्यालाही आज हवामानाच्या नि पिकांच्या आकड्यांशी झगडावं लागतं. प्रोग्रॅमिंग ही फक्त कॉम्प्युटरवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही, म्हणूनच ती सातवीत घाई करून उरकण्याचीही गोष्ट नाही.

आता दुसऱ्या टोकाचे पालक. ते म्हणतात, एआयच कोड लिहितं, जुलै 2025 मध्ये टीसीएसने 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, मग शिकायचंच कशाला? कंपन्यांची भरती वरखाली होणार, ते आपल्या हातात नाही. पण एआयने लिहिलेला कोड बरोबर आहे का हे ओळखायला तो वाचता यावा लागतो, आणि एआयला नेमकं काय हवं ते सांगायला प्रश्नाचे तुकडे पाडता यावे लागतात. नुसतं टाइप करणाऱ्याची गरज कमी होईल, प्रश्न मांडणाऱ्याची होणार नाही. ही सवय नववीच्या भूमितीतल्या सिद्धतेतही लागते, फक्त ती गाइडमधून पाठ करायची नाही.

सातवीतल्या पोराच्या बापाने तो क्लासचा हप्ता तूर्त खिशात ठेवावा आणि जूनच्या पालकसभेत उठून शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात : संगणक खोलीची चावी कोणाकडे आहे, आठवड्यात माझ्या मुलाचा तिथे किती वेळ जातो, आणि शिकवणाऱ्याचा करार कधी संपतो.